सातबारा, सोनं आणि अठ्ठावीस दिवस : विद्यार्थी व्हिसासाठी पैसे कसे दाखवायचे

परदेशी शिकायला निघालेल्या मुलामुलीच्या घरी एक संध्याकाळ हमखास येते. विद्यापीठाचं प्रवेशपत्र आलेलं असतं, पेढे वाटून झालेले असतात, आणि वडील कपाटातून एक पिशवी काढतात. तिच्यात शेताचा सातबारा असतो, फ्लॅटचं खरेदीखत असतं, मुदत ठेवींच्या पावत्या, गावच्या पतसंस्थेचं पासबुक, विम्याच्या पॉलिसी, सराफाची बिलं. "एवढं आहे आपलं, मग व्हिसाला अडचण कसली?" असं ते विचारतात. पिशवीतलं सगळं खरं असतं, कष्टानं जमवलेलं असतं. तरी त्यातलं निम्म्याहून जास्त व्हिसाच्या अर्जात धरलंच जात नाही.

नात्यातल्या आणि ओळखीतल्या बऱ्याच मुलांचे कागद मी त्यांच्या शेजारी बसून लावले आहेत. माझं निरीक्षण असं की पैसे कमी असल्यामुळे अडणाऱ्यांपेक्षा पैसे असूनही ते नीट न मांडल्यामुळे अडणारे जास्त भेटतात. हे फार जिवाला लागतं, कारण ती चूक टाळता येण्यासारखी असते.

व्हिसा अधिकारी तुमच्या घराण्याची ऐपत मोजायला बसलेला नसतो. त्याला तीन गोष्टी कळायला हव्या असतात. हा पैसा कुणाचा, तो आला कुठून, आणि फी भरायची वेळ येईल त्या दिवशी तो हातात असेल का. दहा एकर बागायत जमीन पहिल्या दोन प्रश्नांत उत्तम मार्कांनी पास होते आणि तिसऱ्यात नापास, कारण जमीन विकायला महिने जातात. उलट कालच कुणीतरी खात्यात टाकलेले तीस लाख तिसऱ्यात पास आणि पहिल्या दोनांत नापास. प्रत्येक देश या तीन प्रश्नांना वेगवेगळं वजन देतो, एवढाच काय तो फरक.

ब्रिटनचं उदाहरण मी तपशिलात घेतो. आपल्याकडची मुलं तिथे मोठ्या संख्येनं जातात, आणि तिथला नियम आकड्यांत लिहिलेला असल्यामुळे तो एकदा समजला की बाकीचे देश समजायला सोपे जातात.

आधी आकडा काढा

ब्रिटनला दोन रकमा दाखवायच्या असतात : पहिल्या वर्षाच्या फीमधली बाकी आणि राहण्याखाण्याचा खर्च. फी किती आणि त्यातली किती भरली, हे विद्यापीठ देत असलेल्या 'कॅस'मध्ये लिहिलेलं असतं. कॅस म्हणजे 'या विद्यार्थ्याला आम्ही घेतलं आहे' असं विद्यापीठानं तिथल्या गृहखात्याला ऑनलाइन कळवणं. राहण्याचा खर्च सरकारनं ठरवून दिलेला आहे. ११ नोव्हेंबर २०२५ पासून तो लंडनमध्ये महिन्याला १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड आहे, आणि जास्तीत जास्त ९ महिन्यांचा दाखवावा लागतो. म्हणजे लंडनसाठी १३,७६१ पौंड, बाहेर १०,५३९ पौंड.

समजा साताऱ्याची एक मुलगी लीड्सला एक वर्षाच्या एमएससीला निघाली आहे. फी २४,००० पौंड, त्यातले ४,००० तिनं आधीच भरले. बाकी २०,००० आणि राहण्याचे १०,५३९, एकूण ३०,५३९ पौंड. हिशेबाच्या सोयीसाठी पौंड १२० रुपये धरला तर ३६,६४,६८० रुपये. आता इथे अनेक जण बरोब्बर तेवढीच रक्कम खात्यात ठेवतात आणि फसतात. रुपयाचं पौंडात रूपांतर अर्ज केला त्या दिवशीच्या दरानं होतं. रुपया मधल्या काळात दोन-तीन टक्क्यांनी घसरला तर कालपर्यंत पुरेशी असलेली रक्कम आज अपुरी ठरते. म्हणून ३६ लाख ६५ हजारांची गरज असेल तर ३९ लाखांपर्यंत ठेवावेत असं मी सांगतो. वरची रक्कम तुमचीच आहे, कुठे जात नाही.

विद्यापीठाच्या वसतिगृहासाठी त्यांच्याकडेच आगाऊ पैसे भरले असतील, तर त्यातले १,५२९ पौंडांपर्यंत या रकमेतून वजा करता येतात. खासगी घरमालकाला दिलेली अनामत मात्र वजा होत नाही.

या हिशेबात न धरलेला, पण अर्जाच्या दिवशीच लागणारा आणखी एक खर्च आहे. व्हिसाची फी, आणि तिथली सरकारी आरोग्यसेवा वापरण्याचा अधिभार. विद्यार्थ्यांसाठी हा अधिभार वर्षाला ७७६ पौंड आहे. एक वर्षाच्या मास्टर्सला व्हिसा वर्षाहून काही महिने जास्त मिळतो, म्हणून सहसा दीड वर्षाचे १,१६४ पौंड भरावे लागतात. रुपयांत लाखाच्या वर जाणारी ही रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा. का, ते आता सांगतो.

अठ्ठावीस दिवस

ब्रिटनचा सगळ्यात कडक नियम हा : ठरलेली पूर्ण रक्कम खात्यात सलग २८ दिवस असली पाहिजे, आणि त्या २८ दिवसांत एकाही दिवशी शिल्लक त्याखाली जाता कामा नये. एका दिवसासाठीसुद्धा नाही, शंभर रुपयांनीसुद्धा नाही. सरासरी शिल्लक वगैरे काही बघत नाहीत.

मोजणी उलटी होते. बँकेच्या विवरणपत्रावर जी शेवटची तारीख असेल तिथून मागे २८ दिवस. आणि ती शेवटची तारीख अर्जाच्या तारखेआधी ३१ दिवसांच्या आतली हवी. अर्जाची तारीख म्हणजे ऑनलाइन फी भरली तो दिवस. व्हिसा केंद्रात बोटांचे ठसे द्यायला गेलात तो दिवस धरायचा नाही. समजा १ जूनला सगळी रक्कम खात्यात जमली. २८ जूनला अठ्ठावीस दिवस भरले. ३० जूनला विवरणपत्र काढलं, तर जुलै संपायच्या आत अर्ज करून टाकायचा. त्याहून उशीर झाला तर नवं विवरणपत्र काढावं लागतं, आणि तोवर पैसे हलवलेले असतील तर मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून.

माझ्या भाचीच्या वेळी हे प्रत्यक्ष घडलं. पैसे बहिणीच्या बचत खात्यात होते, रक्कम नेमकी हवी तेवढी, वर जेमतेम आठ-दहा हजार. एकोणिसाव्या दिवशी विम्याचा वार्षिक हप्ता आपोआप कापला गेला. बहिणीनं तीन वर्षांपूर्वी कधीतरी बँकेला तशी परवानगी दिली होती, आणि ती विसरून गेली होती. दुसऱ्या दिवशी पगार जमा झाला, शिल्लक पुन्हा वर आली, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. विवरणपत्र छापून हातात आल्यावर भाचीनं एकेक ओळ बोट ठेवून वाचली आणि ती एक तारीख सापडली. पाच हजार चारशे रुपये कमी. अर्ज तसाच गेला असता तर नाकारला गेला असता, यात मला शंका नाही.

तेव्हापासून मी प्रत्येक घरी हेच सांगतो. व्हिसासाठीचं खातं वेगळं ठेवा. त्यावर हप्ते, एसआयपी, वीजबिल, यूपीआय काहीच नको. विद्यापीठाला आणखी काही फी भरायची असेल तर तीही दुसऱ्या खात्यातून. फी भरल्यामुळे दाखवायची रक्कम कमी होते हे खरं, पण त्यासाठी विद्यापीठानं कॅसमध्ये तशी नोंद करायला हवी किंवा भरल्याची त्यांची पावती तरी हवी. तोवर शिल्लक खाली गेलेली दिसते आणि वजावट दिसत नाही, असा दुहेरी तोटा होतो.

पिशवीतलं काय चालतं

बचत खात्यातली रक्कम चालते, यात वाद नाही. मुदत ठेवही चालते, पण ती केव्हाही मोडून पैसे काढता येत असतील तरच. बँकेच्या पत्रात खातेदाराचं नाव, रक्कम, ठेवीची तारीख आणि मुदतीआधी मोडता येते ही गोष्ट लिहून घ्या. त्या ठेवीवर कर्ज किंवा ओव्हरड्राफ्ट उचललेला असेल तर ती ठेव विसरा. माझं स्वतःचं मत विचाराल तर ठेव मोडून रक्कम बचत खात्यात आणावी आणि २८ दिवस ठेवावी. व्याजाचं थोडं नुकसान होतं, पण एक शंका कायमची मिटते.

शेअर, म्युच्युअल फंड, भविष्य निर्वाह निधी, क्रेडिट कार्डाची मर्यादा हे ब्रिटनच्या अर्जात धरत नाहीत. जमीन, घर, सोनं तर नाहीच. सोनं मोडलं आणि त्याचे पैसे खात्यात आले, की मग ते पैसे असतात. सराफाची पावती मात्र फेकू नका, 'ही मोठी रक्कम कुठून आली' असा प्रश्न आला तर तेच उत्तर आहे.

पतसंस्थेबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्या गावांत निम्मा पैसा तिथेच असतो. ब्रिटनला पैसे अशा संस्थेत हवे असतात जी त्या देशाच्या नियामकाच्या देखरेखीखाली आहे, जिच्या नोंदी संगणकावर आहेत आणि जिच्याकडे त्यांना खातरजमा करता येते. पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली असते. तिला रिझर्व्ह बँकेचा बँकिंग परवाना नसतो. तिथली ठेव कितीही जुनी आणि सुरक्षित असली तरी ती व्हिसासाठी टेकू देत नाही. नागरी सहकारी बँकांना परवाना असतो, पण छोट्या बँकेत परदेशी अधिकाऱ्याच्या ईमेलला उत्तर देणारं कुणी आहे का, याचा विचार करा. मी मोठ्या बँकेत पैसे हलवायला सांगतो, आणि तेही दोन-तीन महिने आधी. हाताने लिहिलेलं पासबुक कुठेच देऊ नका.

पैसा कुणाच्या नावावर

ब्रिटनला पैसे विद्यार्थ्याच्या नावावर हवेत, नाहीतर आईवडिलांच्या. काका, मामा, आजोबा, मोठा भाऊ चालत नाही. आपल्याकडे काकांनी पुतण्याचं शिक्षण करणं ही साधी गोष्ट आहे, म्हणून हा नियम ऐकून लोकांना वाईट वाटतं. उपाय साधा आहे : काकांनी रक्कम आईवडिलांच्या किंवा मुलाच्या खात्यात बँकेतूनच वळती करावी, बक्षीस दिल्याचा साधा लेख करून ठेवावा, आणि मग त्या खात्यात २८ दिवस मोजावेत.

आईवडिलांच्या खात्यावर अर्ज करायचा तर दोन कागद लागतात. नातं सिद्ध करणारा जन्माचा दाखला, आणि 'हे पैसे आमच्या मुलीनं शिक्षणासाठी वापरायला आमची संमती आहे' असं आईवडिलांनी सही केलेलं पत्र. ऐकायला किरकोळ वाटतं, पण मराठी घरांत सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, जागा रिकामी असते. आईचं नाव कुठे माहेरचं, कुठे सासरचं, बँकेत तिसरंच. वडिलांच्या नावात 'राव' एका कागदावर आहे, दुसऱ्यावर नाही. दाखला फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत नाव लावून घ्यायला आठवडे जातात, म्हणून प्रवेशाचा अर्ज भरताय त्याच महिन्यात जन्मदाखला काढून वाचा. आईच्या दोन नावांसाठी विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद जोडतात.

कर्ज काढलं असेल तर

शैक्षणिक कर्जाला २८ दिवसांचा नियम लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा. बँकेचं मंजुरीपत्र पुरतं, पण ते अर्जाआधी ६ महिन्यांच्या आतलं हवं, कर्ज विद्यार्थ्याच्या नावावर हवं (आईवडील सहकर्जदार असले तर हरकत नाही), रक्कम स्पष्ट हवी, आणि पैसे प्रवासाआधी उपलब्ध होतील किंवा विद्यापीठाला थेट जातील असं त्यात लिहिलेलं हवं.

अडचण मंजुरीपत्राच्या दुसऱ्या पानावर असते. आपल्या बँका तिथे अटींची माळ लावतात : गहाणखत झाल्यावर, मूल्यांकन अहवाल आल्यावर, जामीनदारानं सही केल्यावर. ब्रिटनच्या दृष्टीनं व्हिसा मिळण्याखेरीज दुसरी कुठलीच अट शिल्लक असता कामा नये. गहाणखत आधी पूर्ण करा आणि मग शाखाधिकाऱ्यांकडून अटी पूर्ण झाल्याचं नवं पत्र घ्या. बहुतेक शाखाधिकारी देतात, फक्त मागावं लागतं. तारणाबद्दलही आधीच विचारा. बँका शेतजमीन सहसा घेत नाहीत, बिगरशेती प्लॉट किंवा घर घेतात. मोठ्या कर्जात खर्चाचा काही हिस्सा तुम्ही स्वतः घालायचा असतो. तो हिस्सा बचतीत दाखवावा लागतो आणि त्याला मात्र २८ दिवस लागू होतात.

समाजकल्याण विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती किंवा तशी दुसरी सरकारी शिष्यवृत्ती मिळाली असेल, तर तिच्या मंजुरीपत्रात फी आणि निर्वाहभत्ता दोन्हींच्या रकमा आणि कालावधी लिहिलेला आहे ना, ते पाहा. तसा असेल तर तेवढ्या रकमेपुरता बँकेतला पैसा दाखवावा लागत नाही.

बाकीचे देश

जर्मनीनं हा सगळा गुंता एका खात्यात सोडवला आहे. त्याला 'श्पेअरकॉन्टो' म्हणतात, म्हणजे बांधून ठेवलेलं खातं. सप्टेंबर २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो त्यात आधीच भरायचे, आणि तिथे पोचल्यावर महिन्याला ९९२ युरो हातात येतात. पैसे काकांनी भरले का आजीनं, याची तिथे फार चौकशी होत नाही. रक्कम खात्यात बांधली गेली की तिसऱ्या प्रश्नाचं पक्कं उत्तर मिळतं. व्हिसा नाकारला तर पैसे परत येतात. बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी जवळजवळ नसते (बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपाबाहेरच्या मुलांना सत्राला १,५०० युरो असते), त्यामुळे मध्यमवर्गीय घराला हा हिशेब झेपतो. मला स्वतःला ही पद्धत सगळ्यात प्रामाणिक वाटते.

कॅनडात राहण्याच्या खर्चाची रक्कम अनेक वर्षं १०,००० डॉलर होती. १ जानेवारी २०२४ पासून ती २०,६३५ झाली आणि १ सप्टेंबर २०२५ पासून एका विद्यार्थ्यासाठी २२,८९५ कॅनेडियन डॉलर आहे. क्वेबेकचा हिशेब वेगळा. वर पहिल्या वर्षाची फी आणि प्रवासखर्च. तिथल्या बँकेत जीआयसी नावाची ठेव करून ही रक्कम दाखवता येते. जलद अर्जाची एसडीएस योजना ८ नोव्हेंबर २०२४ ला बंद झाली, तरी काही सल्लागार अजून तिच्या नावानं माहिती देतात. सावध राहा. ऑस्ट्रेलियाला मे २०२४ पासून वर्षाचे २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर, शिवाय फी आणि प्रवास.

अमेरिकेत आकडा सरकार ठरवत नाही, कॉलेज ठरवतं. आय-ट्वेंटी या कागदावर पहिल्या वर्षाचा खर्च लिहिलेला असतो, आणि तो कुठून येणार हेही. कॉलेजला तुम्ही आधी पैशाचे कागद पाठवता तेव्हाच हा आय-ट्वेंटी मिळतो. मग वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत दोन-चार मिनिटांची मुलाखत. अधिकारी कागद बघेलच असं नाही, पण विचारतो : खर्च कोण करणार, वडील काय करतात, उत्पन्न किती. इथे काका-मामांची मदत चालते, आणि इथेच सनदी लेखापालानं केलेला मालमत्तेचा अहवाल, प्राप्तिकर विवरणपत्रं, घराचं मूल्यांकन यांना किंमत आहे. वडिलांच्या पिशवीला अखेर अमेरिकेत थोडा न्याय मिळतो. पण पहिल्या वर्षाचा पैसा बँकेत किंवा मंजूर कर्जातच हवा. मुलांना मी एवढंच सांगतो की कागदावरचे आकडे तोंडपाठ ठेवा. वडिलांच्या वार्षिक उत्पन्नाचा आकडा स्वतःच्या मुलाला माहीत नसणं अधिकाऱ्याला विचित्र वाटतं, आणि आपल्या घरांत तो मुलांना खरंच माहीत नसतो.

पैसे 'दाखवायला' घेणं

प्रत्येक शहरात असं सांगणारं कुणीतरी भेटतं : खात्यात तीस लाख महिनाभर ठेवतो, दोन टक्के द्या, काम झालं की काढून घेतो. हे करू नका. मी हे भीती घालायला सांगत नाही, मला त्या मुलाची काळजी वाटते. जिथे सहा महिन्यांचे व्यवहार मागतात, तिथे पन्नास हजारांची शिल्लक अचानक तीस लाख झालेली अधिकारी पहिल्या नजरेत पकडतो. फसवणूक ठरली तर ब्रिटन १० वर्षं येऊ देत नाही, कॅनडा ५ वर्षं, आणि अमेरिकेत जाणूनबुजून खोटं सांगितल्याचा शेरा जन्मभर पुसत नाही. शिक्षा भोगतो तो विद्यार्थी. दोन टक्के घेणारा पुढच्या घरी गेलेला असतो. आणि समजा व्हिसा मिळालाच, तरी फीचा दुसरा हप्ता भरायला ते तीस लाख कुठे असतात? परक्या देशात जानेवारीच्या थंडीत 'फी न भरल्यास प्रवेश रद्द' असा ईमेल वाचणारी मुलं मी पाहिली आहेत.

मोठी रक्कम खात्यात खरीच आली असेल, तर तिच्या पाठीमागचा कागद जोडा : प्लॉट विकल्याचं खरेदीखत, ठेव मोडल्याची नोंद, सेवानिवृत्तीच्या लाभाचं पत्र. चार ओळींचं स्पष्टीकरण लिहून द्या. सरळ सांगितलेली गोष्ट सहसा ऐकली जाते.

पैसे पाठवताना

व्हिसा मिळाल्यावर पैसे पाठवायचे ते रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली, एका व्यक्तीला आर्थिक वर्षात २,५०,००० अमेरिकन डॉलरपर्यंत. वर्षाला १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ घेते तो प्राप्तिकर, लागत नाही. स्वतःच्या बचतीतून त्यापुढे पाठवलं तर वरच्या रकमेवर बँक टीसीएस कापते. १ एप्रिल २०२५ पासून मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातल्या रकमेवर तो लागत नाही. कापलेली रक्कम प्राप्तिकर विवरणपत्रात वळती मिळते, पण फी पाठवायच्या दिवशी ती हातात लागतेच, म्हणून तेवढी बाजूला ठेवा.

भाचीच्या त्या चुकलेल्या मोजणीनंतर पैसे पुन्हा पहिल्या दिवसापासून ठेवले. बहिणीनं बँकेत जाऊन सगळे आपोआप कापले जाणारे हप्ते नवऱ्याच्या खात्यावर वळवले, वर एक लाखाची भर टाकली, आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज एक फुली मारू लागली. एकोणतिसाव्या दिवशी सकाळी बँक उघडताच त्या दोघी विवरणपत्र घ्यायला दारात उभ्या होत्या. संध्याकाळी अर्ज गेला. वर्ग सुरू व्हायला तेव्हा सव्वीस दिवस उरले होते, आणि ब्रिटनबाहेरून केलेल्या अर्जाचा निर्णय साधारण तीन आठवड्यांत येतो. तो एकोणिसाव्या दिवशी आला.